पान तिसरं: माझी निरक्षर आई

अन्याय झाला तो विमल दामोदर सोरते या बाईवर, आणि झाला तो मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता. मतदानाला वीस दिवस उरले होते. शहराच्या महाल भागातल्या एका छापखान्यात शाईचा वास नाकात घेत मी एका प्रचारपत्रकाच्या तिसऱ्या पानावर ‘ठीक आहे, छापा’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. विमल सोरते माझी आई. पत्रक माझ्या भावाचं. मजकूर माझा. म्हणजे आरोपी शोधायला फार लांब जायला नको. भाऊ कोण ते आडनावावरून तुम्हाला कळलंच असेल; त्याचं पहिलं नाव मी या प्रकरणात लिहिणार नाही, चौकाचौकात ते पुरेसं झालं आहे. मी आज चौतीस वर्षांची आहे. या वयात कोणी आत्मकथन लिहितं का, असं मला दोन वडीलधाऱ्यांनी विचारलं. लिहितं. साठीपर्यंत थांबलं की माणूस सगळ्यांना माफ करून बसतो, आणि मला अजून ते करायचं नाही.

आमचं घर शहराच्या कडेला, हुडकेश्वरला. आज जिथे फ्लॅट स्कीमच्या पाट्या आणि मोबाइलची दुकानं दिसतात, त्याच्या मागच्या अंगाला. तेव्हा लेआउट म्हणजे पाडलेल्या प्लॉटांच्या चुन्याच्या रेघा, बाभळी आणि काळी माती. नळ नव्हता. दिवसाआड टँकर यायचा, आणि आमच्या घराचं घड्याळ म्हणजे त्या टँकरचा भोंगा. तो वाजला की शिजत्या भातावरचं झाकण तसंच ठेवून आई गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन धावायची. बाबा काटोलच्या संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. ते आले की घरभर संत्र्याचा वास आणि त्यांचं घोरणं. ते गेले की उन्हाळ्यात कूलरची घरघर आणि आईचं बोलणं. आई बोलायची खूप. माहेर खाप्याचं, विणकराच्या घरातली. मागाच्या खटखटीवर आवाज चढवून बोलायची सवय लहानपणापासूनची, ती हुडकेश्वरच्या शांततेतही गेली नाही. मॅट्रिक पास होती. तिच्या वडिलांच्या आळीत सोसायटीला पत्र लिहायचं असलं की लोक या मुलीला बोलवायचे. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते: मॅट्रिक पास. गणितात चांगले मार्क.

लेआउटमध्ये आमचं स्वयंपाकघर हे अर्जांचं ऑफिस होतं. खांब आहे पण दिवा नाही, रेशनकार्डावर मुलाचं नाव चढलं नाही, नालीचं पाणी घरात येतं, कुणाची विधवा-पेन्शन अडकली, की बाई पदर सावरत दारात उभी. आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. पलीकडच्या कुंदाकाकू पहिल्यांदा आल्या तेव्हाचं मला लख्ख आठवतं. नवऱ्याच्या पेन्शनीचा कागद हरवला होता आणि त्या रडायला लागल्या. आईनं लाटणं थांबवलं नाही. “रड वं, रडून घे. पण झाल्यावर सांगजो. रडनं अर्जात बसत नाही.” कुंदाकाकूंना रडता रडता हसू आलं. मग आईनं हात पुसले, शाळेची रेघांची वही ओढली, मधलं दुपानी काढलं आणि टाचण्या लावून कार्बन घातला. तिचं अक्षर मोठं, उभं, घट्ट. मागाच्या सुतासारखं, असं मी एकदा पत्रकात लिहिलं असतं. आता नाही लिहीत. तिचं अक्षर अक्षरासारखंच होतं.

अर्ज लिहून झाला की तो मोठ्यानं वाचायचा, आणि वाचायचं काम माझ्या भावाचं. आई त्याला बाबू म्हणायची. बाबू तेव्हा सातवी-आठवीत, आवाज फुटत होता. तो चुलीकडे तोंड करून उभा राहायचा, म्हणजे गॅसकडे, आणि आई पाठमोरी. “महोदय, वरील विषयास अनुसरून आपणास नम्र विनंती करण्यात येते की…” की आईचं “थांब!” यायचं. “हापिसातल्या बाबूलोकांचे कान तीन वाक्यं चालते, चौथ्याले ते चहा मांगते. काय झालं ते एक. कोनाचं झालं ते दोन. तुम्ही काय कराचं ते तीन. बाकी काप.” भाऊ कापायचा, पुन्हा वाचायचा. “ओरडू नको. ओरडला का तो म्हनते, उद्या या. हळू बोल, पन त्याच्या डोयात पाहून बोल.” कधी कधी एकाच अर्जावर चार-चार वेळा थांबवायची, आणि भूक लागलेला भाऊ चिडून म्हणायचा, “आई, मले जेवू दे ना वं!” त्यावर ठरलेलं उत्तर: “कुंदाची पेन्शन झाल्यावर जेव.” मग वाढायची मात्र भरपूर. रविवारी गोळाभात असायचा, भातात डाळीचे गोळे, वर तेल-हिंगाची चुरचुरीत फोडणी, आणि आम्ही दोघं भावंडं गोळे कुणाच्या ताटात जास्त यावरून भांडायचो.

तुम्ही माझ्या भावाचं भाषण ऐकलं असेल. लाखाच्या सभेत तो आवाज खाली आणतो आणि लोक आपोआप गप्प होतात. तीन छोटी वाक्यं, मग थांबतो. दिल्लीतले पत्रकार त्याला ‘नैसर्गिक वक्ता’ म्हणतात. नैसर्गिक! आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी त्या निसर्गाला चार-चारदा थांबवून पुन्हा वाचायला लावलेलं मी पाहिलं आहे.

अर्ज पोचवणंही आमचंच काम. शाळा सुटली की भाऊ पुढे, मी मागे. कार्बनच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय घरी यायचं नाही, हा कायदा. एकदा एका कारकुनानं शिक्का द्यायला नकार दिला, म्हणून भाऊ ऑफिस बंद होईपर्यंत त्याच्या टेबलासमोर उभा राहिला. बसला नाही, बोलला नाही. शेवटी कारकून म्हणाला, “कोणाचा पोट्टा आहे रे तू?” भाऊ म्हणाला, “विमलबाईचा.” कारकुनानं कपाळावर हात मारला आणि शिक्का दिला. त्या ऑफिसात आईचं नाव तितकं पोचलं होतं. पहिल्यांदा नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा भाऊ दारोदार एवढंच सांगत हिंडला की मी विमलबाईचा. निवडून आला. पुढे मात्र तो हे सांगेनासा झाला, कारण विधानसभेचं तिकीट मिळालं आणि तिकिटाबरोबर मोहरील सर मिळाले.

मोहरील सर म्हणजे प्रचारप्रमुख. वाईट माणूस नव्हे. मला लिहायला त्यांनीच शिकवलं. बावीस वर्षांची होते, एम.ए. अर्धवट टाकलं होतं, आणि पत्रकं लिहिण्यात माझा हात बसला होता. परिचयपत्रकाचा त्यांचा साचा ठरलेला होता. पहिल्या पानावर हात जोडलेला फोटो, दुसऱ्यावर संघर्ष, तिसऱ्यावर माऊली. मी तिसऱ्या पानावर अर्ज, कार्बन, कुंदाकाकूंची पेन्शन असं सगळं लिहून नेलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला. “रूपाली, हे छान आहे. पण ही बाई भांडकुदळ वाटून राहिली.”

“सर, ती आहेच भांडकुदळ.”

“असंल ना. पण मतदाराला भांडणारी माय नाही पाहिजे. त्याला रडणारी पाहिजे. अर्ज करणारी बाई पाहिली की त्याला शेजारीण आठवते. अडाणी माय पाहिली की स्वतःची माय आठवते. थोडं साधं कर.”

मी काय केलं? उठून गेले नाही. मला तर ते आव्हान वाटलं. चहा मागवला आणि त्याच टेबलावर लिहिलं: ‘जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिनं लेकाच्या हाती पाटी दिली. तिच्या अंगठ्याची शाई त्याच्या लेखणीत उतरली. ती माऊली आजही निरक्षर आहे; पण तिनं घडवलेला माणूस तुमच्या दारी उभा आहे.’ तीन वाक्यं. आईनंच शिकवलेली. सरांनी दोनदा वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. भावाला दाखवलं. त्यानं वाचलं, खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, नाही म्हणेल. म्हणाला, “शेवटचं वाक्य जबरदस्त आहे.” मला इतका आनंद झाला की मी शेवटच्या पानावर ‘शब्दांकन: रूपाली सोरते’ असं बारीक टाइपात घालून घेतलं. त्या पत्रकाच्या किती प्रती निघाल्या ते मी मोजलं नाही. टेम्पो भरभरून गेल्या. पहिल्याच सभेत भावानं ते पाठ म्हटलं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि मी स्टेजच्या मागे उभी राहून त्या रडण्याकडे निकाल लागल्यासारखी बघत होते.

मधल्या काळात आईचा स्वतःचा एक लढा चालू होता. लेआउटच्या नकाशात एक मैदान दाखवलेलं होतं. पोरं तिथे क्रिकेट खेळायची, बायका संक्रांतीनंतर हळदीकुंकू करायच्या, बाबा आले की ट्रक तिथेच लावायचे. एका बिल्डरनं ते आपलं म्हणून तारेचं कुंपण घातलं. आईनं अर्ज केला. बेचाळीस घरांच्या सह्या, अर्जदार क्रमांक एक विमल दामोदर सोरते. दोन वर्षं पाठपुरावा करून सुनावणी लागली होती आणि ती नेमकी मतदानाच्या तोंडावर आली. भावाशी याचा काही संबंध नव्हता. आईनं तो ठेवूच दिला नव्हता. “तू आपलं इलेक्शन पाह्य. ग्राउंड माहं हाय.”

पत्रक आमच्या घरी मी नेलं नाही. आलं ते टँकरच्या रांगेतून. कुंदाकाकू एका हातात गुंड आणि दुसऱ्या हातात पत्रक घेऊन आल्या, श्वास लागलेला. “विमलबाई, हे पाह्य काय लिवलं! तुमाले म्हने सही येत नाही!” आई वांगं चिरत होती. पत्रक घेतलं, चष्मा लावला, तिसरं पान मोठ्यानं वाचलं. अडखळली नाही. भावाला वाचायला लावायची तसंच, हळू, शेवटचा शब्द न खाता. मग कुंदाकाकूंना म्हणाली, “वाक्य चांगलं हाय. ही बाई कोन होय?”

कुंदाकाकू हसल्या. मी हसले नाही. आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. पान उलटलं, शेवटची बारीक ओळ वाचली आणि पत्रक घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवलं. कुंदाकाकू गेल्यावर म्हणाली, “तीन वाक्यं पाहून मले वाटलंच होतं.” मी म्हटलं, “आई, प्रचारात असंच लिहितात. लोकांना ते आवडतं.” ती म्हणाली, “आवडत असन. मले काहून नाही इचारलं?” तिनं वांगं चिरून संपवलं, भाजी टाकली, मला जेवायला वाढलं. त्या दिवशीची भाजी खारट झाली होती. आम्ही दोघींनी ती तशीच खाल्ली.

सुनावणी मतदानाच्या पाच दिवस आधी, बुधवारी होती. ऑफिसचं नाव लिहीत नाही, अधिकारी सरळ माणूस होता. आई नऊवारी नेसत नसे. तिनं इस्त्री केलेली सुती पाचवारी नेसली, पिशवीत दोन वर्षांच्या कार्बन-प्रती घेतल्या. लेआउटच्या दहा-बारा बायका बरोबर आणि मी. बिल्डरचा वकील तरुण होता, गोड बोलायचा. तो उठला आणि त्यानं बॅगेतून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. आमचं पत्रक.

“साहेब, अर्जदार क्रमांक एक या लिहू-वाचू शकत नाहीत. हे मी म्हणत नाही, त्यांचे चिरंजीव म्हणतात, छापून म्हणतात. मग हा दोन पानी अर्ज कोणी लिहिला? ही सही कोणाची? उघड आहे, उमेदवारानं स्वतःच्या फायद्यासाठी अडाणी आईचं नाव वापरलं. आचारसंहितेच्या काळात. अर्ज बोगस आहे, फेटाळावा.”

बायकांमध्ये कुजबुज झाली. अधिकाऱ्यानं पत्रक वाचलं, आईकडे बघितलं आणि फार नम्रपणे कागद-पेन पुढे सरकवलं. “मावशी, एक ओळ लिहून दाखवा, विषय संपेल.”

मी सुटकेचा श्वास टाकला. एक ओळ! आईला काय जड? आईनं पेनाला हात लावला नाही. उभी राहिली. “साहेब, मी परीक्षा द्याले नाही आली. माहे साठ-सत्तर अर्ज तुमच्याच आवक रजिस्टरात हाय. माही सही तुम्ही दहा वर्सं पाहून राहिले. आज एक चोपडं आलं आन् मी अनपढ झाली? खोटं त्या चोपड्यात हाय. परीक्षा त्याची घ्या.”

वकील हसला. “आजी, लिहिता येत असेल तर लिहायला काय हरकत आहे?”

“तुमी वकील हाव ना? मंग सनद दाखवा, मंग बोला.” बायका खदखदून हसल्या, अधिकाऱ्यानंही मान खाली घातली. पण कामकाज हसण्यावर चालत नाही. त्यानं स्पष्ट सांगितलं: पत्रक रेकॉर्डवर आलं आहे. ज्यांनी ते काढलं त्यांनी ते विधान खोटं असल्याचं उद्या अकरापर्यंत लेखी द्यावं, नाहीतर मला अर्ज निकाली काढावा लागेल. निकाली म्हणजे मैदान गेलं.

बसमध्ये मी आईशी भांडले. “एक ओळ लिहिली असती तर काय झालं असतं? हट्ट कशाला?” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आज मी लिवून दाखवलं का उद्या कुंदाले म्हनतीन लिवून दाखव. परवा कोपऱ्यावरच्या सीमाले. ज्या बाईची सही दिसन तिले म्हनतीन, दाखव. तुह्या एका कागदापायी साऱ्या बायायनं सही करून दाखवाची काय वं?” बसमध्ये लोक वळून बघत होते. तिचा आवाज मागावरचा होता.

संध्याकाळी भाऊ आला. दोन गाड्या बाहेर, तो एकटा आत. आईनं पाट मांडला, गोळाभात वाढला, रविवार नसताना. त्याला चार घास जेवू दिले. मग म्हणाली, “बाबू, एक चिठ्ठी पाह्यजे. पत्रकात लिवलं ते खोटं हाय, एवढीच.”

भावाला सगळं आधीच कळलं होतं. तो हळू बोलला, डोळ्यांत बघून बोलला. शिकवल्याप्रमाणे. “आई, पाच दिवस. फक्त पाच दिवस थांब. आज मी लिहून दिलं का उद्या विरोधक म्हणतीन, आईवर खोटं बोलला तो तुमच्यावर काय खरं बोलंन? निवडून आलो ना, पयल्या महिन्यात ते ग्राउंड मी मंजूर करून देतो. कंपाउंड वॉल, झूले, सारं. तुह्या नावाची पाटी लावतो.”

“तू देशीन. मले मालूम हाय तू देशीन. मले देलेलं नाही पाह्यजे बाबू. माह्या अर्जानं झालेलं पाह्यजे.”

“आई, अर्जानं झालं काय आन् माह्यानं झालं काय, एकच हाय ना?”

आईनं त्याच्या ताटात आणखी फोडणी घातली. “जेव,” म्हणाली. माझ्या भावानं मुख्यमंत्र्यांना उलट उत्तर दिलेलं टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. त्या संध्याकाळी तो जेवून, हात धुऊन, आईच्या पाया पडून निघून गेला. चिठ्ठी दिली नाही. मोटारींचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत गेल्यावर आईनं त्याचं ताट उचललं. गोळे तसेच होते.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी त्या ऑफिसात होते. माझं नाव शेवटच्या पानावर होतं, बारीक टाइपात का होईना. बाकावर बसून निवेदन लिहिलं. पहिलं दीड पान झालं, त्यात प्रचाराची पद्धत, मोहरील सर, साचा, सगळं आलं. स्वतःच फाडलं. दुसऱ्यात लिहिलं: ‘सदर पत्रकातील तिसऱ्या पानाचा मजकूर मी भावनेच्या भरात लिहिला. माझी आई विमल दामोदर सोरते मॅट्रिक पास असून अर्ज तिनेच लिहिला आहे. पत्रकातील विधान खोटे धरावे.’ आईच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावला. माझ्या खिशातलं पेन काढलं आणि ‘भावनेच्या भरात’वर आडवी रेघ मारली.

“भरात नाही लिवलं,” ती म्हणाली. “चहा पिऊन लिवलं. इचार करून लिवलं. तसं लिव.”

इतक्या वर्षांत मला कुणी इतकं नेमकं दुरुस्त केलेलं नाही. मी ‘विचारपूर्वक’ असं लिहिलं. अधिकाऱ्यासमोर उभी राहून ते वाचलं. ‘विचारपूर्वक’ हा शब्द खाल्ला नाही. वकिलानं विचारलं, “म्हणजे तुम्ही मतदारांशी खोटं बोललात?” मी म्हटलं, “हो. आणि आईशी.” अधिकाऱ्यानं निवेदन दाखल करून घेतलं, जुने अर्ज मागवले, सह्या पडताळल्या आणि अर्ज ग्राह्य धरला. पुढे चार महिन्यांनी कुंपण निघालं. ते आईच्या अर्जानं निघालं. ऑर्डरमध्ये तिचं नाव आहे, भावाचं नाही.

माझ्या निवेदनाचा फोटो दुपारपर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. मोहरील सरांनी फोन करून एवढंच विचारलं, “पाच दिवस दम नव्हता?” त्यानंतर त्यांनी मला काम दिलं नाही. भाऊ तरीही निवडून आला. म्हणजे त्यानं स्वतः खरं सांगितलं असतं, तरी निवडून आलाच असता. पण हे कुणी त्याला समजावणार नाही, कारण राजकारणात जिंकलेल्या माणसाचं सगळंच बरोबर ठरतं. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. मग एका अक्षयतृतीयेला आला, आमरस-पोळी जेवला आणि हात पुसता पुसता म्हणाला, “तुहं चुकलं नव्हतं वं रुपे. पण आता ते पान बदलता येत नाही. लोकांले तेच पाठ हाय. लोकांले तीच माय पाह्यजे.”

तो आज मंत्री आहे. ते तिसरं पान अजून जिवंत आहे. त्याच्या गौरवग्रंथात आहे, मातृदिनाला पेपरात येतं, शाळेतली मुलं वक्तृत्वस्पर्धेत तेच म्हणून बक्षीस घेतात. त्यानंतर मी मिळतील तितक्या पुढाऱ्यांची चरित्रं काढून फक्त आईचं पान वाचत गेले. सगळीकडे तीच बाई. चूल, धूर, फाटकं लुगडं, अर्धपोटी निजणं, देव्हारा. ही बाई कधी बोलत नाही. तिनं कुणाशी वाद घातला, कोणता हिशेबी डाव खेळला, मुलाचं कोणतं वाक्य कापलं, याचा पत्ता नाही. मुलगा हुशार निघतो तो हवेतून. आणि ही पानं लिहिणारे सगळे माझ्यासारखेच, चहा पिऊन, विचारपूर्वक लिहिणारे. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “जाऊ दे, मले टाइम नाही.” सत्तरीत आहे, सध्या पाण्याच्या बिलात गडबड केली म्हणून एका साहेबाच्या मागे लागली आहे. तिनं जाऊ दिलं. मी देणार नाही.

कारण भाऊ म्हणतो, लोकांना तीच माय हवी आहे. लोक म्हणजे तुम्ही. तुमच्या नावावर हे खोटं चालू आहे. तेव्हा तो तुमच्या गावात सभेला येईल तेव्हा जा. भाषण ऐका, चांगलं असतं. तो आईच्या अंगठ्यापाशी आला आणि नेहमीप्रमाणे थांबला की उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: तुमच्या आईचं शिक्षण किती? त्यानं उत्तर दिल्याशिवाय खाली बसू नका.